डाव्या बाजूची चमक

बेळगावात आमच्या गल्लीत मला 'अत्तरवाला' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण गल्ली अरुंद आहे, ऐकू येतं. दर रविवारी सकाळी मी आमच्या काळ्या गाडीला पॉलिशचा वासाचा स्प्रे मारून पुसत बसतो, त्यावरून हे नाव पडलं. एक बाटली, दोन मऊ फडकी, डोक्याला जुनी टोपी असा माझा थाट. अंगातल्या शर्टाला इस्त्री नसते, पण बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा अशी गाडी असते. भांग पाडण्याइतके केस उरले नाहीत, हा भाग वेगळा.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या कार्यक्रमाची फार मजा वाटायची. निवृत्त हेडमास्तर माणूस, पंच्याहत्तरी ओलांडलेले. शाळेत छापील मराठी बोलायचे, घरात आले की गावाकडचं. पायरीवर चहाची बशी धरून म्हणायचे, "लग्नात बोहल्यावर उभा ऱ्हायलास तवा तोंड एवढं पुसलं असतंस, तर फोटो तरी बरं आलं असतं."

मी हसून सोडून द्यायचो. या कामात मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो, आणि तज्ज्ञ माणूस टीकेकडे लक्ष देत नाही.

तज्ज्ञ झालो तो गाडीच्या जिवावर. आमच्याकडे दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की निपाणी-चिकोडीकडे जाऊन आलेल्या गाडीवर चिमणीतली काळी राख बसते. पहिल्या वर्षी मी त्या राखेवरच स्प्रे मारला आणि दाबून पुसलं. सावलीत गाडी आरशासारखी. उन्हात काढली तर दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. राख म्हणजे काय, बारीक वाळूच की. मी ती अर्धा तास प्रेमानं घासली होती. तेव्हापासून नियम: आधी पाणी, मग साबण, गाडी कोरडी झाली की शेवटी स्प्रे. आणखी एक शिकलो. ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख सरळ गेलं तर ओरखडा वरचा आहे, स्प्रेनं लपतो. नख अडकलं तर पेंटर गाठायचा.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं, की बाटली लवकर संपतेय.

पहिला संशय बायकोवर. आमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज अलीकडे जरा जास्तच चमकत होता.

"त्या स्प्रेनं फ्रिज पुसतीस काय गं?"

"तुमच्या त्या अत्तराला हात लावायला मला येड लागलंय व्हय? फ्रिजला लिंबू आन सोडा पुरतो." आणि वर, "फ्रिज चमकलेला दिसला, तो पुसणारी दिसली न्हाय कधी."

मी फाटकापर्यंत चालत जाऊन परत आलो. अशा वेळी मोबाईल वाजला नसला तरी मी तो कानाला लावून जातो.

त्या रविवारी गाडी धुवायला काढली आणि जरा थबकलो. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त चमकत होती. मी दोन्ही बाजू सारख्याच पुसतो. मग पाणी मारलं, साबणानं धुतलं, आणि गाडी गल्लीतून काढून कोपऱ्यावरच्या उन्हात उभी केली. जेवढी चमक होती ती साबणाबरोबर निघून गेली. खाली डाव्या दोन्ही दारांवर तेच कोळ्याचं जाळं, जे मी पहिल्या वर्षी स्वतःच्या हातानं विणलं होतं. कुणीतरी न धुता, घाईघाईनं, धुळीसकट स्प्रेनं घासलं होतं. जाळ्याखाली आडवे ओरखडे. मागच्या दाराच्या कडीजवळ लाल डाग, आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्याला पोचा.

लाल डाग बघून परत बायकोला हाक मारली. पाडव्याला गाडीची पूजा तिनं केलेली.

"दारावर कुंकू कशाला लावलंस?"

ती हात पुसत आली, वाकून बघितलं. "मी बॉनेटवर स्वस्तिक काढलंय. हितं कोण म्हैस काढून गेलं काय बघा."

ती थट्टेनं बोलली, आणि दोघांनीही परत वाकून बघितलं. पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, लाल ऑइलपेंटनं. मी नखानं खरवडलं. कुंकू असं सालपटासारखं निघत नाही. दाराच्या कडीची उंची म्हणजे म्हशीच्या शिंगाचीच उंची.

आमची गाडी दोघेच चालवतात. मी ऑफिसला स्कूटरवर जातो, गाडी काढली तर कुठं लग्नकार्याला. दर गुरुवारी ती आप्पा काढतात. निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की एक खेडं लागतं, तिथं त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, एकटी राहते. आई गेली, आणि आप्पांना अरे-तुरे करणारं तर जगात हे एकच माणूस उरलंय. तिच्यासाठी कुंदा घ्यायचा, तिनं "साखर वाढतीया माझी, कशाला आणलास" म्हणत तो संपवायचा, दोघांनी दुपारभर भांडायचं आणि दिवस मावळायच्या आत आप्पांनी परत यायचं. गुरुवारी त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री असायची. बुधवारपासूनच गाडीची किल्ली खिशात.

"सगळं डाव्याच बाजूला हाय," बायको हळू आवाजात म्हणाली. "उजवीकडं बघा, एक तरी हाय काय?"

नव्हता.

"या गुरुवारी आत्यांना आणायला जाणार हायत. डोळ्याच्या आपरेशनला." मग तिनं ते म्हटलं जे मी मनात म्हणायचं टाळत होतो. "आत्या डाव्या बाजूलाच बसणार की."

आत्याचा मोतीबिंदू पिकला होता. आप्पांचं महिनाभर सगळ्यांना सांगून झालं होतं, "दिसत न्हाय आन कबूल करत न्हाय. रांगोळी काढती आन ठिपकं चुकिवती. मी बघितलं तर म्हणती, तूच आंधळा. असला हट्ट आमच्या घरात कुठनं आला कुणास ठाऊक."

आता बोलायचं काम माझ्याकडे आलं. "तुमचं वडील हायत," असं बायकोनं सांगितलं. मी आप्पांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय, पेपर जरासा उजवीकडे धरून. हे मी कित्येक दिवस बघत होतो आणि मला वाटायचं, उजेडासाठी धरतात.

"आप्पा."

"हं."

"डाव्या दाराला लाल कशाचं लागलंय?"

पेपर हलला नाही. "कुंकू असंल."

"आत्यांचे डोळे दाखवणारच आहोत, तर तुमचे पण एकदा…"

"माझ्या डोळ्यास्नी काय धाड भरलीया? ह्यो बारीक टाइप वाचालोय न्हवं? तू वाच बघू चष्मा काढून."

मी चष्मा काढला. पेपर आहे एवढंच दिसलं. परत आलो तेव्हा आप्पांच्या रिमोटला नवे सेल आणायचं काम कबूल करून आलो होतो. किल्लीचा विषयच निघाला नाही. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच सेल आणायला बाहेर पडलो.

गुरुवारी मी रजा टाकली. सकाळी आप्पा फाटकाशी आले तेव्हा मी डाव्या सीटवर बसून पट्टा लावून तयार.

"तू कुठं?"

"आत्याकडं. लई दिवस झाले भेटून."

"गणपतीत भेटलास की."

"तेच म्हणतोय, लई दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळी मान वळवून. मग बसून गाडी सुरू केली.

हायवेला लागेपर्यंत मला कळलं, की त्या सीटवर बसून मी कधी रस्ता बघितलाच नव्हता. आप्पा बरोबर असले की मी मागे बसतो आणि झोपतो. आता माझ्या बाजूची पांढरी पट्टी एकदा गाडीच्या पोटाखाली जायची, एकदा लांब पळायची. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढं लागत होते. ट्रॉलीतून बाहेर लोंबणारी उसाची टोकं माझ्या काचेवरून सर्रकन जायची आणि मी आत आकसायचो. मधूनच आप्पा झटका देऊन मान डावीकडे वळवायचे, पाखरासारखी, आणि परत समोर. मला ती सवय हेडमास्तरकीची वाटायची. वर्गावर नजर ठेवल्यासारखी. आता प्रत्येक झटक्यागणिक मी सीटची कड घट्ट धरत होतो. दोन झटक्यांच्या मधे काय दिसतं यांना?

"ब्रेक दाबालायस काय तिकडं?" आप्पा म्हणाले.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय जमिनीत रुतवून बसलो होतो.

"पाय आखडलाय."

"गाडीला अत्तर लावून पाय आखडतोय व्हय. चालावं जरा."

तवंदीचा घाट आला आणि माझी पंचाईत झाली. घाटात आप्पांनी झकास गाडी चालवली. वळणाला वेग कमी, योग्य गिअर, समोरून येणाऱ्या ट्रकला जागा. माझ्यापेक्षा चांगली. मला वाटायला लागलं, आपणच उगाच एका म्हशीच्या शिंगावरून माणसाला आंधळा ठरवलं. रुंद रस्ता, कडेला कठडा, डावीकडून कुणी येण्याची सोयच नाही, हे त्या वेळी सुचलं नाही. माझी छाती जरा मोकळी झाली. मी मागच्या सीटवरचा कुंद्याचा डबा नीट सरळसुद्धा केला.

घाट उतरून आम्ही हायवे सोडला. आत्याच्या गावचा रस्ता अरुंद. दोन्हीकडे तंबाखूची रानं, मधे कुठंतरी बाभळ. पुढं त्या बाभळीच्या पलीकडे एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आमच्याकडे पाठ करून चालली होती, रस्त्याच्या डाव्या कडेनं. हिरवी साडी, हिरवा भारा. मला ती बाभळीच्या अलीकडूनच दिसत होती. मी काही बोललो नाही, कारण समोर एवढी मोठी दिसणारी बाई दाखवायची काय? आप्पा हॉर्न देतील. आप्पा उजवीकडं घेतील. आप्पांनी मान झटकली, समोर बघितलं, आणि गाडी होती तशीच जात राहिली.

"आप्पा, बाई!"

"कुठं?"

मी स्टेअरिंग धरून उजवीकडे ओढलं. बाई दचकली, कलंडलेला भारा आरशाला लागला, फट्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ पत्र्यावरून काहीतरी करकरत गेलं, कान चिरल्यासारखं. गाडी पलीकडच्या रानाच्या बांधाला जाऊन बंद पडली.

मी दार उघडून पळालो. बाई रस्त्यात बसली होती, गवत सगळीकडे. एका हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या आणि कोपर सोलवटलं होतं. मी "लागलं काय हो मावशी" म्हणायला तोंड उघडलं आणि तिनंही उघडलं. तिनं कानडीतून सुरुवात केली, आमची तोंडं बघितली, आणि आमच्या ऐकण्यातून काही सुटू नये म्हणून तेच सगळं पुन्हा मराठीतून सांगितलं.

"डोळं हायत का बटाटं? एवढी बाई, एवढा भारा, आन तुला दिसंना? म्हाताऱ्याला चालवाय देऊन पोरगं बसतंय शेजारी, मिशा हायत न्हवं तुला?"

मला मिशा आहेत. मी खाली बघितलं.

भाऱ्यात विळा खोवलेला होता. त्याचं टोक बाहेर आलेलं. पत्र्यावर करकरलं होतं ते तेच. गाडी वीतभर आणखी डावीकडे असती तर भाऱ्याबरोबर बाई फिरली असती आणि ते टोक कुठं गेलं असतं, हा विचार मी त्या वेळी केला आणि अजूनही मधूनच करतो.

आप्पा उतरून गाडीपाशीच उभे होते. ते बाईकडे बघत होते, पण तिच्याकडे नुसतं बघणं वेगळं आणि हे वेगळं. हरवलेली वस्तू एकदम समोर आल्यावर माणूस बघतो तसं.

"कुठनं आली ही?" ते मला विचारत होते. "एवढा वेळ नव्हती रं."

मी बाईकडे वळलो.

मी तिला दवाखान्यात चला म्हणालो. ती म्हणाली, म्हशी काय दवाखान्यात येऊन गवत खाणार? भारा बांधला, विळा आत खोल खोवला, आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "उचला आता. बघत काय ऱ्हायलाय?" भारा एकट्यानं डोक्यावर चढत नाही, दुसरं माणूस लागतं. एका बाजूनं मी धरला, दुसऱ्या बाजूनं आप्पांनी. चढवताना तिनं आप्पांना जवळून बघितलं. तिचा आवाज जरासा उतरला. "जावा सावकाश," म्हणाली आणि चालायला लागली. आप्पा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे राहिले. मान पूर्ण वळवून.

मग ते गाडीकडे वळले. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि माझी स्प्रेची बाटली काढली. तिच्याबरोबर फडकं. माझंच, महिन्यापूर्वी हरवलेलं, आता मातीच्या रंगाचं, एका कोपऱ्याला लाल. त्यांनी माझ्यासमोर, मी तिथं नाहीच असं समजून, दारावर स्प्रे मारला आणि पुसायला लागले. गवताचा हिरवा रंग निघाला. धूळ निघाली. विळ्याची रेघ राहिली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, पांढरी, सरळ. त्यांनी परत मारला, परत पुसलं.

"आप्पा, राहू दे."

"तिला दिसल ही. आक्कीला." आत्याला ते लहानपणापासून आक्की म्हणतात. "दिसाय नको."

"आप्पा, तिला मोतीबिंदू आहे."

ते थांबले. आमच्यात एवढं गंभीर चाललेलं असताना मला हसू येईल की रडू, हे समजेना. आप्पांनी उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या रेघेवर ठेवलं, मला करताना बघितलं होतं तसं, आणि सावकाश सरकवलं. नख अडकलं. त्यांनी परत मागं आणलं, परत अडकलं.

"ती आधीपासनं हुती?"

"होय आप्पा. बाभळीच्या आधीपासनं."

"भारा बी दिसत हुता?"

"होय."

रानातून वारा येत होता, पायाशी गवताच्या काड्या. आप्पांनी फडक्याची घडी केली. चार पदरी, कोपऱ्याला कोपरा, शाळेतल्या झेंड्याची करावी तशी. बाटली आणि फडकं माझ्या हातात दिलं. मग खिशातून रुमाल काढून चष्मा नसलेले डोळे पुसले, आधी उजवा, मग डावा. आणि ड्रायव्हरच्या दाराकडे न जाता तिथलंच पुढचं डावं दार उघडून बसले. पट्टा सापडेना. त्यांचा हात हवेत, जिथं पट्टा नव्हता तिथं, चाचपत राहिला. मी वाकून लावून दिला.

किल्ली गाडीलाच होती. मी सुरू केली. वाटेत ते एकदाच बोलले, "गिअर बदल, इंजिन रडालंय," आणि मला इतकं बरं वाटलं, की मी दोनदा बदलला.

आत्या दारात पिशवी घेऊन तयार बसली होती. गाडी थांबली तशी उठली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "आज हिकडनं उतारलास?"

मोतीबिंदू पिकलेल्या बाईला रेघ दिसली नाही. भाऊ कुठल्या दारानं उतरला ते दिसलं.

"ड्रायव्हर ठेवलाय," आप्पा म्हणाले.

"बेस झालं," आत्या म्हणाली. "मागच्या खेपंला माझ्या म्हशीला शिंगाडून गेलास. मी म्हटलं कुणी बोलायचं तुला. म्हैस तर बोलंना." आणि कुंद्याचा डबा हातात घेऊन ती मागच्या सीटवर चढली.

डोळ्यांच्या दवाखान्यात दोघांचीही तपासणी झाली. आत्याचं ऑपरेशन झालं, तिला आता रांगोळीचे ठिपके दिसतात आणि आमच्या घरातली धूळही. आप्पांच्या डाव्या डोळ्यातलं गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काचबिंदू म्हणे; आतला दाब वाढून दिसणं कडेकडेनं, न दुखता, कळूही न देता जातं. उजवा राखायचा, त्यासाठी रोज थेंब. थेंब घालायचं काम बायकोकडे आहे, कारण मी घातले की आप्पांचा गाल ओला होतो आणि डोळा कोरडा.

गुरुवारी आता मी नेतो. ऑफिसात त्यासाठी काय काय करावं लागतं ते मलाच माहीत. आप्पा सगळ्या वाटेनं माझं ड्रायव्हिंग तपासतात आणि अजून पासाचे मार्क दिलेले नाहीत. विळ्याची रेघ पेंटरकडे न्यायची राहिली आहे. बायको म्हणते, "न्या की एकदाची." मी पुढच्या आठवड्यात म्हणतो.

मागच्या रविवारी गाडी धुऊन कोरडी केली आणि स्प्रे घेतला, तेव्हा आप्पा चहाची बशी खाली ठेवून पायरीवरून उतरले. कधी नव्हे ते त्यांनी हात पुढं केला. मी दुसरं फडकं दिलं. ते वळसा घालून उजव्या बाजूला गेले, बॉनेटवर थोडा स्प्रे मारला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"डावी तू कर. मला तिकडचं दिसत न्हाय."